अधांतरीं ज्योत

स्वयंपाकघरांतील शेगडीची निळी ज्योत कधीं कधीं बर्नरच्या छिद्रांना सोडून किंचित् वर उभी राहते. खालीं रिकामी जागा, वर फुरफुरणारी ज्वाला. गृहिणी खटका थोडा आवळते आणि कामाला लागते. परंतु ही गोष्ट दिसते तितकी क्षुल्लक नव्हे. ज्योत आणखी उचलली जाऊन विझली, तर न जळलेला वायु घरभर पसरतो. आणि इंधनांत दुसरा वायु मिसळला, कीं तिची बैठक पार बदलते.

शेगडींत वायूला आधींच थोडी हवा मिळालेली असते, म्हणून त्याहून साधें उदाहरण घेऊं. एका बारीक नळींतून मिथेन वायूचा झोत वेगानें वर सोडला आहे, अशी कल्पना करा. मिथेन एकटा जळत नाहीं. हवेंतील त्याचें प्रमाण शेंकडा ५ ते १५ असावें लागतें. नळीच्या तोंडाशीं झोत फार वेगवान्. वर जातां जातां तो भोंवतालची हवा ओढून घेतो, मंदावतो आणि जळण्याजोगा होतो. ठिणगी पाडावयाची ती अशा ठिकाणीं. पेटलेली ज्वाला खालीं सरकूं पाहते, झोत तिला वर लोटतो. जेथें दोघांचें बळ सारखें होतें, तेथें ती ठाण मांडते. नदीच्या धारेविरुद्ध पोहणारा मासा एकाच जागीं स्थिर दिसावा, तसेंच हें. व्हानक्विकेनबोर्न आणि व्हान टिगेलेन या बेल्जियन संशोधकांनीं १९६६ सालीं ही उपपत्ति मांडली.

ज्वालेच्या तळाचें रूप मोठें मौजेचें असतें. एका कडेला हवा अधिक असलेली शाखा, दुसऱ्या कडेला इंधन अधिक असलेली, आणि दोहोंमधून निघणारें लांब शेंपूट. तेथें उरलेलें इंधन व उरलेली हवा यांची गांठ पडते. या त्रिशाखी ज्योतीच्या उष्णतेनें वायु प्रसरण पावतो, त्यामुळें समोरून येणारी धार तिच्यापुढें फांकते व मंदावते. अंगावर येणाऱ्यालाच वाट सोडावयास लावणें तें हें! खळबळत्या झोतांत मात्र मोठमोठ्या भोंवऱ्यांचाहि हात असतो, आणि त्यांचा वांटा किती, यावर विद्वानांचें अद्यापि एकमत नाहीं.

ज्योत किती उंच उचलली जाईल, याचा नियम गौतम कलघटगी यांनीं १९८४ सालीं प्रसिद्ध केला. झोताचा वेग दुप्पट झाला, तर उंची दुप्पट होते. नळीचें तोंड लहान-मोठें केल्यानें तींत फरक पडत नाहीं. हें ऐकून प्रथम कोणालाहि नवल वाटावें. ज्वलनवेग दुप्पट झाला, तर मात्र इतर गोष्टी सारख्या असतां उंची चौथाईवर येते. मिथेनचा ज्वलनवेग सेकंदाला सुमारें ४० सेंटिमीटर, तर हायड्रोजनचा सुमारें ३ मीटर! या दोहोंचें मिश्रण केल्यास वेग सरळ हिशेबानें वाढत नाहीं. थोड्या हायड्रोजननें तो थोडाच चढतो, आणि हायड्रोजन निम्म्याहून पुष्कळ अधिक झाला म्हणजे एकदम उसळतो.

इंग्लंडांतील घरोघरीं पूर्वी दगडी कोळशाचा वायु जळे. त्यांत सुमारें निम्मा हायड्रोजन असे. पुढें समुद्राखालचा नैसर्गिक वायु आला. हा मुख्यत्वें मिथेन, म्हणजे मंदगति. जुन्या बर्नरवर त्याची ज्योत उचलून विझली असती. म्हणून १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत सुमारें ४ कोटि उपकरणें बदलावीं किंवा सुधारावीं लागलीं. आतां प्रवाह उलटा वाहूं लागला आहे. तेथील कील विद्यापीठांत व नंतर विनलॅटन गांवीं नैसर्गिक वायूंत शेंकडा २० पर्यंत हायड्रोजन मिसळून घरांना पुरविण्यांत आला, आणि शेगड्या बदलाव्या लागल्या नाहींत. सुरतेजवळ कवास येथेंहि जानेवारी १९२३ नव्हे, २०२३ पासून, एका वसाहतीच्या नळवायूंत थोडा हायड्रोजन घालूं लागले. प्रमाण वाढल्यास भय उलट दिशेचें: ज्योत वर न उडतां बर्नरच्या पोटांत शिरावयाची.

आपल्या खेड्यांतील गोबरवायूची गोष्ट याच्या अगदीं दुसऱ्या टोकाची. त्यांत मिथेन सुमारें साठ टक्के, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड. हा न जळणारा सोबती ज्योतीची उष्णता खातो, तिचा वेग मारतो, आणि ती लवकर उचलली जाते. म्हणून सिलिंडरची शेगडी तशीच त्या नळीला जोडूं नये. तिचें जेट मोठें करून घ्यावें लागतें. अशा वायूंत थोडा हायड्रोजन मिसळला, तर ज्योत पुन्हां बर्नरशीं बळकट बसते, असें प्रयोगशाळांत दिसून आलें आहे.