परदेशातली शाळा, लातूरची अकरावी

दुबई-मस्कतला नोकरी करणाऱ्या लातूर-नांदेडच्या घरांत शाळेचा विषय निघाला, की फीच्याही आधी प्रश्न येतो : ‘अकरावीला पोराला लातूरला ठेवायचं का?’ ठेवायचं असेल, तर तिकडची सीबीएसई शाळा सोयीची. कारण वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेची तयारी मुख्यतः एनसीईआरटीच्या पुस्तकांवर होते. आयबी किंवा केंब्रिजच्या बारावीला इथे समकक्षता प्रमाणपत्र लागतं, ते भारतीय विद्यापीठ संघ देतो.

खरी गोम मात्र दहावीत आहे. एमबीबीएसच्या राज्य कोट्यासाठी अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी, दोन्ही महाराष्ट्रातून झालेल्या लागतात (केंद्रीय कर्मचारी, सैनिक वगैरेंच्या मुलांना काही सवलती आहेत). म्हणजे अकरावीला आणलेल्या मुलाचा हा रस्ता तिथेच अडतो. उरतात ते १५ टक्के अखिल भारतीय कोटा किंवा खासगी कॉलेजातल्या एनआरआय जागा यांसारखे मार्ग. एनआरआय जागांची फी ऐकूनच आजोबा गप्प होतात. नियम बदलतातही : ७० टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांना देणारं, मराठवाड्याला जाचणारं ७०:३० सूत्र २०२० साली गेलं. म्हणून ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा, त्या वर्षीची प्रवेश पुस्तिका वाचाच.

नववीत आणलंत, तर गाठ मराठीशी. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची आहे. घरी फर्डं बोलणारं पोर ‘कृत्रिम’ वाचताना अडखळतं. सुट्टीवरून परतताना बॅगेत काळा मसाला जातोच, त्यालगत बालभारतीची दोन पुस्तकं ठेवा. पीडीएफ फुकट मिळते, पण बोट ठेवून वाचायला कागद बरा.