सेकंडहँड ड्रायसूट घेताना आधी झिप बघा

विरारहून कोलाडला कुंडलिकेवर कयाकिंगला जाणार असाल, तर ड्रायसूट विसरा. भिऱ्याच्या वीजप्रकल्पातून सोडलेल्या पाण्यात त्याची गरजच नाही, उलट घामाघूम व्हाल. पैसे लाइफ जॅकेट, हेल्मेटवर घाला.

जानेवारीत ऋषिकेशला गंगेत उतरायचंय? मग विषय वेगळा. गार पाण्यात पडलं की आधी श्वास आवरत नाही, मग हात चालेनासे होतात. ड्रायसूट फक्त पाणी अडवतो, ऊब आतल्या फ्लीसची. म्हणून मी सेकंडहँडच बघतो. मानेचं, मनगटाचं लॅटेक्स चिरलेलं असेल तर भाव पाडा, ते बदलता येतं. झिप मात्र गळकी नको, ती बदलणं फार महागात जातं. मान-मनगटं बांधून सूटमध्ये हवा कोंडा, झिपवर साबणाचं पाणी फिरवा. बुडबुडे आले? राहू दे. आणि हो, घरी सूट सावलीतच वाळवा, वसईच्या उन्हात लॅटेक्स लवकर तडकतं.