समजून घ्या : घरच्या व्यायामासाठी पहिली खरेदी कोणती? बार, रिंग की बँड?

नांदगाव खंडेश्वरसारख्या तालुक्याच्या गावात सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या तरुणाला धावायला रस्ता मिळतो, दंड-बैठकांना अंगण पुरते. अडते ते पुल-अप्सपाशी. अग्निवीर जनरल ड्युटीच्या शारीरिक चाचणीत बीमवर, म्हणजे आडव्या दांड्यावर, १० पुल-अप्स काढले तर ४० गुण मिळतात. ६ काढले तर फक्त १६. सहापेक्षा कमी निघाले तर उमेदवार बाद. जिम नसेल, तर हा सराव घरी कसा करायचा आणि त्यासाठी आधी काय घ्यायचे?

पहिली खरेदी बारच का?

दंड मारताना आपण शरीर ढकलतो. त्यात छाती, खांदे आणि दंडाच्या मागच्या बाजूला काम मिळते. बैठकांनी मांड्या तयार होतात. मात्र पाठ, दंडाची पुढची बाजू आणि हाताची पकड यांना ओढण्याचे काम लागते. ते जमिनीवर फारसे मिळत नाही. म्हणून पहिला पैसा लटकता येईल अशा साधनावर खर्च करावा. मल्लखांबाचे गणितही हेच आहे : एक खांब किंवा एक दोर आणि स्वतःचे वजन. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ ची. मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखवली होती.

दारात बसणारा बार चालेल का?

चालेल, पण आधी चौकट तपासावी. फिरवून घट्ट होणारा बार केवळ दाबावर टिकतो. मातीच्या भिंतीतील जुनी, हलणारी चौकट किंवा गुळगुळीत लोखंडी चौकट असेल तर तो घेऊ नये. चौकट मजबूत लाकडाची असेल, तर दोन्ही बाजूंना स्क्रूने आधार बसवणारा बार अधिक सुरक्षित. खोक्यावर लिहिलेली वजनाची मर्यादा साधारणपणे स्थिर वजनाची असते. उडी मारून लटकल्यास किंवा झोका घेतल्यास ताण बराच वाढतो. दररोज पाय जमिनीवर ठेवून थोडे वजन टाकून पाहावे, मगच पूर्ण लटकावे. टिनाच्या छताच्या पाइपला दोर बांधणे टाळावे. तो पाइप टिन पेलण्यासाठी असतो, माणसाचे हिसके पेलण्यासाठी नाही.

अंगणात बार बसवायचा तर?

गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात दोन उभे खांब आणि वर आडवा पाइप करून मिळतो. आडव्या पाइपसाठी जाड गेजचा 'एक इंची' जीआय पाइप मागावा. एक इंच हे त्याचे नाव. बाहेरून तो सुमारे ३४ मिलिमीटर भरतो आणि मुठीत नीट बसतो. दोन खांबांत चार फूट अंतर पुरते. उंची हात वर केल्यावर पोहोचेल त्याहून थोडी जास्त असावी.

खरी अडचण जमिनीची. वऱ्हाडातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. नुसते गाडलेले खांब त्यामुळे हळूहळू सैल होतात. खड्डा किमान अडीच फूट खोल घ्यावा, तळाशी मुरूम ठोकून वर काँक्रीट भरावे आणि किमान सात दिवस पाणी द्यावे. त्यानंतरच लटकावे. पावसाळा संपला की खांब हलवून पाहावेत.

रिंग, बँड आणि बाकीच्या वस्तू?

पट्ट्यांच्या रिंगची उंची बदलता येते. कमी उंचीवर तिरके होऊन अंग ओढता येते, त्यामुळे नवख्यालाही त्या उपयोगी पडतात. पण त्यांनाही पक्का आधार लागतो. रबरी बँड बारला अडकवून त्यात गुडघा ठेवला, की वर जायला मदत होते. बँड उन्हात ठेवू नये; बारीक चीर दिसली तरी बदलावा. मनगट दुखत असेल तर दंडासाठी हातांखालचे स्टँड घ्यावेत. मॅटऐवजी सतरंजी चालते.

एकही पुल-अप निघत नसेल तर?

पहिले काही दिवस २० ते ३० सेकंद नुसते लटकावे. मग न डगमगणाऱ्या स्टुलावर चढून हनुवटी बारच्या वर न्यावी आणि पाच सेकंद घेत हळू खाली यावे. असे चार-पाच वेळा, आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस आराम. प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यामुळे भरतीला न जाणाऱ्यांनाही हा बार उपयोगाचाच आहे. खांद्यात कळ आली तर थांबून डॉक्टरांना दाखवावे.

भरतीच्या मैदानावर बँड नसतो. त्यामुळे दोन-तीन पुल-अप्स स्वतःच्या बळावर निघू लागले, की बँड बाजूला ठेवावा आणि सहाचा आकडा त्याच्याशिवायच मोजावा.