छळ थांबवणारे दहा सेकंद

शाळेतला छळ क्वचितच एकांतात होतो. टोरांटोच्या काही प्राथमिक शाळांत डेब्रा पेपलर आणि वेंडी क्रेग या मानसशास्त्रज्ञांनी मुलांच्या अंगावर छोटे वायरलेस माइक लावले आणि मैदानाचं दुरून चित्रण केलं. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निरीक्षणांत छळाच्या ८८ टक्के प्रसंगी आजूबाजूला इतर मुलं होती. त्यांतलं कुणी मध्ये पडलं, असे प्रसंग जेमतेम १९ टक्के. पण जिथे कुणी मध्ये पडलं, तिथे निम्म्याहून अधिक वेळा दहा सेकंदांच्या आत प्रकार थांबला. ही मुलं लहान होती, आठवी-नववीत असं मध्ये पडणं अधिक अवघड होतं. तरीही हे दहा सेकंद पालक-शिक्षकांनी लक्षात ठेवावेत असे आहेत.

आठवीच्या वर्गातली मधली सुट्टी घ्या. एक जण दुसऱ्याचा चष्मा काढून घेतो. त्याचा मित्र तो झेलून मागच्या बाकावर पोचवतो. तिघं-चौघं फिदीफिदी हसतात. उरलेले डब्यात तोंड घालून बसतात. फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठातल्या क्रिस्तिना सल्मिवाल्ली यांनी १९९६ मध्ये या सगळ्या भूमिका वेगवेगळ्या मोजल्या: छळणारा, त्याचा साथीदार, चेव देणारे, लांब राहणारे, आणि पाठीशी उभे राहणारे. छळणाऱ्याला बहुतेकदा वर्गातला दरारा हवा असतो, आणि तो दरारा हसणाऱ्यांकडूनच मिळतो. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एखादीच्या फोटोचं स्टिकर फिरतं तेव्हाही हेच घडतं. फक्त तिथे घरी गेल्यावरसुद्धा सुटका नसते.

‘मुलं आहेत, मस्ती करायचीच’ हे वाक्य इथे घात करतं. नॉर्वेत बर्गेनला संशोधन करणाऱ्या डॅन ओल्वेयस यांनी मस्ती आणि छळ यांतला फरक नेमका सांगितला. त्रास मुद्दाम दिलेला असतो, पुन्हापुन्हा दिलेला असतो, आणि सोसणाऱ्याला स्वतःचा बचाव करणं जड जाईल इतकी दोघांच्या ताकदीत तफावत असते. ताकद म्हणजे नुसते दंड नव्हेत. मित्रांची संख्या, घरचा पैसा, जात, बोलण्याची सफाई हे सगळं त्यात येतं. म्हणूनच ‘तूही दोन ठेवून दे’ हा घरचा सल्ला निरुपयोगी ठरतो. ‘दोघं हात मिळवा’ हा शाळेतला तोडगाही तसाच. ज्याला भीती वाटते त्याला छळणाऱ्यासमोर उभं करून काय घडलं ते विचारलं, तर तो ‘काही नाही सर’ एवढंच म्हणेल.

यावर आपल्याच देशात झालेला एक भक्कम प्रयोग फारसा कुणाला ठाऊक नाही, याचं वाईट वाटतं. गोव्यातल्या ‘संगत’ संस्थेच्या सचिन शिंदे, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७४ माध्यमिक शाळांमध्ये ‘सेहेर’ हा कार्यक्रम तपासला. काही शाळांत त्यासाठी एक ‘मित्र’ नेमला. तो मानसोपचारतज्ज्ञ नव्हता, प्रशिक्षण दिलेला साधा समुपदेशक होता. काही शाळांत हेच काम तिथल्याच एका शिक्षकाकडे सोपवलं. उरलेल्या शाळांत सरकारी कार्यक्रम होता तसाच चालू राहिला. भित्तिपत्रक, स्पर्धा, मनातलं लिहून टाकायची पेटी, गटचर्चा आणि गरज पडली तर एकट्याशी बोलणं, असं ‘सेहेर’च्या कामाचं स्वरूप होतं. २०१८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेले नववीच्या विद्यार्थ्यांचे निष्कर्ष स्पष्ट आहेत. स्वतंत्र ‘मित्र’ असलेल्या शाळांत वातावरण सुधारलं, छळ कमी झाला, नैराश्याची लक्षणंही कमी झाली. कार्यक्रमाच्या दुसऱ्या वर्षी हा फरक आणखी वाढला. शिक्षकाकडे काम दिलेल्या शाळांत मात्र जवळपास काहीच बदललं नाही.

यात शिक्षकांना दोष देण्यासारखं मला काही दिसत नाही. पोर्शन, पेपर तपासणी, ऑनलाइन माहिती भरणं आणि निवडणुकीची ड्यूटी सांभाळून मुलांची मनं सांभाळा, असं सांगणंच चूक आहे. शिवाय गुण देणाऱ्या, शिक्षा करणाऱ्या माणसाकडे मूल मोकळं होत नाही. आपल्या शाळांतही तक्रारपेट्या आहेत. ती पेटी ठरल्या दिवशी उघडणारा, चिठ्ठी लिहिणाऱ्याचं नाव न फोडणारा माणूस नेमल्याशिवाय मुलं त्यात काही टाकणार नाहीत. त्याच्या पगाराची तरतूद हा अंदाजपत्रकाचा प्रश्न आहे, आणि तो शाळा व्यवस्थापन समितीत पालकांनी लावून धरला पाहिजे.

छळ घटला म्हणून काम संपत नाही. ज्या वर्गांत तो कमी होतो, तिथे अजूनही सोसत राहिलेली मोजकी मुलं अधिक खचतात, असं सल्मिवाल्ली यांच्या गटाला आढळलं. बाकी सगळे सुखात असताना ‘माझ्यातच काही खोट आहे’ असं त्यांना वाटू लागतं. अशा मुलांसाठी फिनलंडच्या ‘किवा’ या छळविरोधी कार्यक्रमात शिक्षक दोन्ही बाजूंशी वेगवेगळं बोलतात. मग त्याच वर्गातल्या, ज्यांचा शब्द चालतो अशा दोन-चार समंजस मुलांना बोलावून विचारतात, की उद्यापासून याच्यासाठी तुम्ही काय कराल? शेजारी बसाल, खेळायला घ्याल, की घरी जाताना बरोबर राहाल? काही दिवसांनी पुन्हा बोलावून, ठरलं तसं झालं का, हेही पाहतात.