ई-मेल संलग्नके आणि संगणक विषाणू

ई-मेल संलग्नक म्हणजे ई-मेलच्या मजकुरासोबत जोडून पाठवलेली फाइल होय. दैनंदिन व्यवहारात तिला ‘अटॅचमेंट’ असे म्हणतात. अर्ज, छायाचित्रे, गुणपत्रिका, देयके अशी विविध प्रकारची सामग्री या मार्गाने पाठवली जाते. याच मार्गाने संगणक विषाणूही पसरतात. असा विषाणू अनेकदा ओळखीच्या व्यक्तीच्या नावाने येतो. त्यामुळे केवळ पाठवणाऱ्याचे नाव पाहून फाइल सुरक्षित आहे असे मानता येत नाही.

पार्श्वभूमी

आरंभीच्या काळात ई-मेलमधून केवळ साधा मजकूर पाठवण्याची सोय होती. १९९२ साली ‘माइम’ हे मानक प्रसिद्ध झाले. या पद्धतीत कोणत्याही फाइलचे रूपांतर साध्या अक्षरांच्या मालिकेत केले जाते आणि ती पोहोचल्यावर पुन्हा मूळ रूपात आणली जाते. छायाचित्र असो वा प्रोग्राम, दोन्ही एकाच पद्धतीने प्रवास करतात. ही सोय विषाणू पसरवणाऱ्यांनाही उपयोगी पडली.

कार्यपद्धती

संलग्नक केवळ टपालपेटीत येऊन पडल्याने सहसा अपाय होत नाही. ते उघडल्यावर त्यातील सूचना संगणक अमलात आणतो. धोकादायक संलग्नकांचे मुख्य प्रकार पुढीलप्रमाणे आहेत :

- थेट चालणारे प्रोग्राम : ज्यांच्या नावाच्या अखेरीस ‘ईएक्सई’ ही अक्षरे असतात, अशा फाइली.
- स्क्रिप्ट : ‘व्हीबीएस’ किंवा ‘जेएस’ या अक्षरांनी संपणाऱ्या, सूचनांची यादी असलेल्या फाइली.
- मॅक्रो असलेले दस्तऐवज : वर्ड किंवा एक्सेलच्या फाइलमध्ये दडवलेल्या स्वयंचलित सूचना.
- झिप फाइली : यांत वरीलपैकी काहीही बांधून पाठवता येते. अशा फाइलीला पासवर्ड लावलेला असल्यास विषाणूरोधक प्रणालीला आतील मजकूर तपासणे अवघड जाते.

दुसऱ्या फाइलीला चिकटून पसरतो तो विषाणू आणि स्वतःच्या प्रती स्वतःच पाठवतो तो संगणक कृमी, असा भेद शास्त्रीय लेखनात केला जातो. बोलीभाषेत मात्र दोहोंना ‘व्हायरस’ असेच म्हणतात.

मेलिसा (१९९९)

मार्च १९९९ मध्ये पसरलेला ‘मेलिसा’ हा विषाणू वर्डच्या दस्तऐवजातील मॅक्रोमध्ये होता. दस्तऐवज उघडताच तो आउटलुकच्या पत्तापुस्तिकेतील पहिल्या ५० पत्त्यांवर स्वतःची प्रत पाठवीत असे. पाठवणारा परिचित असल्याने अनेकांनी ती फाइल निःशंकपणे उघडली. त्याचा कर्ता डेव्हिड स्मिथ याला २००२ मध्ये अमेरिकेतील न्यायालयाने २० महिन्यांच्या कारावासाची शिक्षा दिली.

आय लव्ह यू (२०००)

मे २००० च्या आरंभी फिलिपिन्समधून ‘आय लव्ह यू’ या विषयाचा ई-मेल पसरू लागला. सोबतच्या प्रेमपत्राच्या फाइलीचे नाव ‘टीएक्सटी.व्हीबीएस’ असे संपत होते. विंडोज प्रणाली नावातील शेवटच्या टिंबापुढील परिचित अक्षरे लपवून ठेवते. त्यामुळे वाचणाऱ्याला केवळ ‘टीएक्सटी’ एवढेच दिसे आणि फाइल साध्या मजकुराची वाटे. प्रत्यक्षात ती स्क्रिप्ट होती.

फाइल उघडताच ती पत्तापुस्तिकेतील सर्व पत्त्यांवर स्वतःला पाठवीत असे. शिवाय संगणकातील जेपीजी छायाचित्रांच्या जागी ती स्वतःचा मजकूर लिहीत असे. ज्यांच्याकडे छायाचित्रांची दुसरी प्रत नव्हती, त्यांची छायाचित्रे कायमची गेली. ब्रिटिश संसदेसह अनेक संस्थांना आपली ई-मेल सेवा काही काळ बंद ठेवावी लागली.

या प्रकरणी मनिला येथील विद्यार्थी ओनेल दे गुझमान याच्यावर संशय होता. मात्र त्या वेळी फिलिपिन्समध्ये अशा कृत्याविरुद्ध कायदाच नव्हता. जून २००० मध्ये कायदा झाला, परंतु तो आधीच्या कृत्याला लागू करता येत नसल्याने आरोप मागे घेण्यात आले. इतरांचे इंटरनेट पासवर्ड मिळवण्यासाठी आपण हा प्रोग्राम लिहिल्याची कबुली त्याने २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुलाखतीत दिली.

नंतरचे स्वरूप

नंतरच्या काळात ‘इमोटेट’ या विषाणूने चोरलेल्या जुन्या पत्रव्यवहारालाच उत्तर म्हणून संलग्नके पाठवण्याची युक्ती वापरली. आपणच लिहिलेल्या पत्राचे उत्तर आल्यासारखे वाटल्याने सावध माणूसही फसतो. जानेवारी २०२१ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून त्याचे जाळे ताब्यात घेतले. मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून इंटरनेटवरून आलेल्या दस्तऐवजांतील मॅक्रो मुळातच रोखण्यास आरंभ केला.

दक्षता

- अपेक्षित नसलेले संलग्नक उघडण्यापूर्वी पाठवणाऱ्याला दूरध्वनी करून विचारावे. त्याच ई-मेलला उत्तर देऊन विचारणे पुरेसे नाही, कारण ते खाते दुसऱ्याच्या ताब्यात असू शकते.
- विंडोजमध्ये फाइलीचे पूर्ण नाव दिसेल अशी व्यवस्था करावी आणि अखेरची अक्षरे तपासावीत.
- दस्तऐवजाने मॅक्रो सुरू करण्यास सांगितल्यास ते करू नये.
- ‘तातडीचे’, ‘खाते बंद होईल’ अशा शब्दांनी घाई करणाऱ्या ई-मेलकडे संशयाने पाहावे.
- संगणक प्रणाली व विषाणूरोधक प्रोग्राम अद्ययावत ठेवावेत. मात्र नवीन विषाणू काही काळ त्यांनाही ओळखता येत नाही.
- महत्त्वाच्या फाइलींची प्रत संगणकापासून वेगळ्या ठेवलेल्या साधनावर जपावी.

संशयास्पद फाइल उघडली गेल्यास

सर्वप्रथम संगणकाची इंटरनेट जोडणी तोडावी, म्हणजे प्रती पुढे जाण्यास आळा बसतो. त्यानंतर विषाणूरोधक प्रोग्रामने संपूर्ण तपासणी करावी आणि दुसऱ्या सुरक्षित साधनावरून पासवर्ड बदलावेत. परिचितांना तत्काळ कळवावे. संकोचाने गप्प राहिल्यास आपल्याच नावाने आलेली फाइल ते विश्वासाने उघडतात.

भारतातील कायदा व यंत्रणा

भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम ४३ मध्ये दुसऱ्याच्या संगणकात परवानगीविना विषाणू सोडणे समाविष्ट आहे. हे कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केल्यास कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ‘सर्ट-इन’ ही केंद्रीय संस्था अशा धोक्यांबाबत इशारे प्रसिद्ध करते. तिच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’तून विषाणू काढण्याची साधने विनामूल्य मिळतात. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.