९११ चे शुल्क : स्वरूप व विनियोग

अमेरिकेतील ९११ या आपत्कालीन दूरध्वनीसेवेचा आरंभ १९६८ साली अलाबामातील हेलीव्हिल गावी झाला. दूरध्वनी घेणारी केंद्रे बहुतांशी काउंट्या व नगरे चालवितात. खर्चाचा मोठा भाग मात्र ग्राहकाच्या मासिक देयकावर बसविलेल्या शुल्कातून निघतो.

यास शुल्क म्हणावे की कर, हा वाद केवळ शब्दांचा नव्हे. शुल्क विशिष्ट सेवेशी बांधलेले असते. कर सर्वसाधारण तिजोरीत मिसळतो. न्यू जर्सी राज्य २००४ पासून दर जोडणीमागे दरमहा ९० सेंट आकारू लागले. नाव शुल्काचे, वर्तन कराचे! जमेचा बराच भाग राज्याच्या इतर खर्चाकडे वळला, आणि केंद्रे चालविणाऱ्या काउंट्यांच्या हाती अनेक वर्षे फारसे काही पडले नाही.

२००८ च्या संघीय अधिनियमाने दळणवळण आयोगावर अशा वळवणुकीचा वार्षिक अहवाल काँग्रेसला सादर करण्याचे बंधन घातले. २०२१ साली आयोगाने ग्राह्य खर्च कोणता याची व्याख्याही केली. तथापि राज्याच्या तिजोरीवर वॉशिंग्टनचा हात चालत नाही. दोषी राज्यास ९११ साठीचे संघीय अनुदान नाकारता येते, इतकेच. आणि त्याचा फटका बसतो तो आधीच शुल्काला मुकलेल्या केंद्रांना.