सूट नको, नियम दाखवा

१९९६ साली इंटेल ही अमेरिकी कंपनी लॅटिन अमेरिकेत चिपची जुळणी आणि चाचणी करणाऱ्या कारखान्यासाठी जागा शोधत होती. ब्राझील, मेक्सिको, चिली असे मोठे देश रांगेत उभे होते. निवड मात्र झाली कोस्टा रिकाची. जेमतेम ३५ लाख वस्तीचा हा देश तोवर कॉफी आणि केळ्यांसाठीच ओळखला जाई. तिथे इंटेलने ३० कोटी डॉलरचा प्रकल्प जाहीर केला.

मेक्सिको अमेरिकेला खेटून आहे, मजूरही मुबलक. पण तिथल्या कामगार संघटनांच्या नियमांची इंटेलला धास्ती होती. सरकारने तिच्यापुरती सूट देऊ केली, आणि कंपनी उलट जास्तच बिचकली. एकट्याला मिळालेली सूट उद्या नव्या मंत्र्याने काढून घेतली, तर दाद कुठे मागायची? परदेशी गुंतवणूकदाराला कर किती आहे यापेक्षा तो दहा वर्षांनी किती असेल, हे कळण्याची गरज जास्त असते, असे मला वाटते.

कोस्टा रिकाने नेमके हेच हेरले. निर्यातदार उद्योगांना सवलती देणाऱ्या मुक्त क्षेत्राच्या कायद्यातली आठ वर्षांची करमाफी आणि पुढची चार वर्षे निम्मा कर, हे इंटेलसाठी घडवलेले नव्हते. पात्र ठरणाऱ्या प्रत्येकाला ते लागू होते. स्वस्त विजेची मागणी आली तेव्हाही नवा दर मोठ्या वापराच्या सगळ्या उद्योगांसाठी ठरला. तांत्रिक महाविद्यालयांतले अभ्यासक्रम उद्योगाच्या गरजेप्रमाणे बदलले. १९४८ मध्ये लष्कर बरखास्त केलेल्या या देशाने शाळांवर आधीपासूनच सढळ खर्च केला होता, म्हणून हे इतक्या लवकर जमले.

याच काळात आपण महाराष्ट्रात, गुहागरजवळच्या दाभोळ वीजप्रकल्पात काय करत होतो? एन्रॉन या अमेरिकी कंपनीशी झालेला वीजखरेदी करार स्पर्धात्मक निविदेविना, बंद दाराआड ठरला होता. १९९५ मध्ये सरकार बदलले, करार रद्द झाला, मग पुन्हा वाटाघाटी होऊन नवा झाला, आणि २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. महाग विजेबद्दलचा राग रास्तच होता. पण खास एकासाठी केलेला करार किती ठिसूळ असतो, हे गुहागरच्या किनाऱ्यावर साऱ्या जगाने पाहिले.

गुंतवणुकीला चांगले वातावरण कंपनीला कायमचे बांधून ठेवते, असेही नाही. दरम्यान आशियातले देशही तयार होत गेले. व्हिएतनाममध्ये इंटेलचा मोठा कारखाना २०१० मध्ये सुरू झाला, तर २०१४ मध्ये तिने कोस्टा रिकातले जुळणीचे काम आशियात हलवायचे ठरवले. सुमारे दीड हजार नोकऱ्या गेल्या. २०२० नंतर ते काम परतले, आणि २०२५ मध्ये पुन्हा आशियाकडे नेण्याची घोषणा झाली. संशोधन आणि अभियांत्रिकीचा विभाग मात्र कोस्टा रिकातच राहिला. मुक्त क्षेत्राच्या त्याच कायद्याखाली, तिथल्याच तंत्रज्ञांच्या भरवशावर वैद्यकीय उपकरणे बनवणाऱ्या कंपन्याही आल्या. आज देशाच्या निर्यातीत पहिला क्रमांक या उपकरणांचा आहे. केळी आणि कॉफी केव्हाच मागे पडली.